खुलासा: ‘स्प्रिंग.कॉन्फिग.लोकेशन’ दिलं की जारमधली फाइल वाचलीच जात नाही

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कबद्दल एक सल्ला सर्रास फिरतोय: बाहेरची कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल वापरायची तर ‘स्प्रिंग.कॉन्फिग.लोकेशन’ या प्रॉपर्टीला (म्हणजे सेटिंगला) तिचा पाथ द्या, जारमधल्या, म्हणजे ॲपच्या पॅक केलेल्या फाइलमधल्या, सेटिंग्जवर ती आपोआप चढते. आज हे चुकीचं आहे.

1.x आवृत्त्यांत तसंच व्हायचं, म्हणूनच सल्ला इतका टिकला. मार्च 2018 मध्ये आलेल्या 2.0 पासून मात्र ही प्रॉपर्टी कॉन्फिग फाइल शोधायच्या नेहमीच्या जागांची यादीच बदलून टाकते, तिच्यात भर घालत नाही. समजा, जारमधल्या फाइलमध्ये पोर्ट 9090 आहे आणि बाहेरच्या फाइलमध्ये फक्त डेटाबेसचा पासवर्ड. ॲप मुकाट्याने 8080 या डीफॉल्ट पोर्टवर उठतं, लॉगमध्ये एररचा मागमूस नसतो. हेच मला सगळ्यात घातक वाटतं. भर घालायची असेल तर ‘स्प्रिंग.कॉन्फिग.ॲडिशनल-लोकेशन’ वापरा, त्यात जारमधली फाइलही वाचली जाते आणि दोन्हीकडे असलेल्या सेटिंगला बाहेरची किंमत लागते.

पाथ फोल्डरचा असेल तर शेवटी स्लॅश हवाच. 2.4 पासून दिलेली जागा सापडली नाही तर ॲप सुरूच होत नाही. फाइल नसली तरी चालणार असेल तर पाथच्या आधी ‘ऑप्शनल:’ लावा.

आणि कमांडमधला क्रम बघा. ‘-डी’ने दिलेली प्रॉपर्टी जार फाइलच्या नावाआधीच यायला हवी. नावानंतर लिहिली तर जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं यंत्र) तिला प्रॉपर्टी मानतच नाही. तिथे दोन डॅशवालं रूप (‘--स्प्रिंग.कॉन्फिग.लोकेशन=…’) चालतं. लोकेशन आणि ॲडिशनल-लोकेशन या दोन्ही प्रॉपर्टी ॲप्लिकेशन.प्रॉपर्टीज या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून काहीच उपयोग नाही, कारण ती फाइल कुठे शोधायची हेच त्या ठरवतात.