दहा लाखांचा आकडा आणला कुठून?

'वंशसंहाराबद्दल यूएनचे नियम जाणून घ्या' असं ठळक अक्षरांत लिहिलेला, पाच मुद्द्यांचा एक संदेश सध्या फिरतोय. मुंबईच्या कुणा चाकरमान्याकडून तो वेंगुर्ल्याला आमच्या काकांकडे आला, काकांनी वाडीच्या ग्रुपवर ढकलला. तिथवर मी गप्प होतो. पण एमपीएससीची तयारी करणाऱ्या भाचीने तो वहीत उतरवून घेतलेला पाहिला आणि डोकं फिरलं. काकांचं म्हणणं, "येवढां लिवलेलां खोटां कसां आसात?"

असतं, काका. पहिलाच मुद्दा घ्या: 'दहा लाखांपेक्षा कमी माणसं मेली तर तो वंशसंहार धरत नाहीत.' असा नियम कुठेही नाही. 9 डिसेंबर 1948 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅरिसमध्ये वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. त्याचं दुसरं कलम जेमतेम अर्ध्या पानाचं आहे, ते तरी वाचायचं! एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली पाच कृत्यं त्यात दिली आहेत. गटातल्या लोकांना ठार मारणं, त्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणं, गट संपून जाईल अशा परिस्थितीत त्यांना मुद्दाम जगायला लावणं, गटात मुलं जन्मूच नयेत अशी व्यवस्था करणं आणि गटातली मुलं जबरदस्तीने दुसऱ्या गटाकडे देणं. पाचांपैकी मारण्याचं कृत्य एकच. हेतू तोच असेल तर एकही खून न करता, नुसती पोरं उचलून नेऊनही हा गुन्हा होतो. मग दहा लाख मोजायचे कुणाचे?

संख्येला काहीच किंमत नाही असं मात्र नाही, एवढं नाइलाजाने मान्य करतो. 'अंशतः' म्हणजे गटाचा लक्षणीय भाग, असा अर्थ न्यायालयांनी लावला आहे. पण तो कसा लावला ते बघा. जुलै 1995 मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात सात-आठ हजार मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले, बायका-लेकरांना बसमध्ये कोंबून बाहेर काढलं. संबंध बोस्नियातल्या मुस्लिमांच्या मानाने हा आकडा लहानच. तरीही माजी युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2004 च्या अपिलात हा वंशसंहारच ठरवला, कारण त्या गावातला तो समाज पुन्हा उभाच राहू नये असा तो घाट होता. फॉरवर्डच्या हिशेबाने हे काहीच झालं नाही. त्या आयांना जाऊन सांगा म्हणावं.

दुसरा मुद्दा, 'फक्त युद्धातच लागू.' पहिल्याच कलमात 'शांततेत असो वा युद्धात' असं लिहिलंय. तिसरा, 'सत्तेवरच्यांना हात लावता येत नाही.' चौथं कलम राज्यकर्त्यांनाही सोडत नाही, आणि आफ्रिकेतल्या रवांडाचे माजी पंतप्रधान जाँ कांबांडा यांना तिथल्या 1994 च्या वंशसंहाराबद्दल 1998 मध्ये जन्मठेप झाली.

चौथा मुद्दा खरा विषारी: 'नुसतं बोलणं हा गुन्हा नाही.' तिसऱ्या कलमात थेट आणि जाहीर चिथावणी हा वेगळा गुन्हा आहे. रवांडातल्या ताबा गावचा प्रमुख जाँ-पॉल अकायेसू याला 1998 मध्ये वंशसंहाराबरोबरच लोकांपुढे केलेल्या भाषणाबद्दलही दोषी ठरवलं. आपल्या ग्रुपवर रात्री बारानंतर जे पडतं ते त्या पातळीचं नाही हे मला कळतं. तरी 'बोलायला काय जातं' हे कायद्याच्या नावावर खपवू नका.

शेवटचा, 'भारताने सहीच केलेली नाही.' 1949 मध्ये सही केली, 1959 मध्ये मान्यताही दिली. आता यात अर्धं खरं आहे तेही सांगून टाकतो. आपल्याकडे या गुन्ह्यासाठी स्वतंत्र कायदा आजही नाही. शिवाय करारावरून आपल्याला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचायचं तर आपली संमती लागेल, अशी अट मान्यता देतानाच घातलेली आहे. यावर कुणी टीका करणारा संदेश लिहिला असता तर मीही पुढे पाठवला असता.

भाचीला दुसरं कलम पूर्ण उतरवून दिलंय. काकांनी अजून आपला संदेश काढलेला नाही.