पोटखराबात दोन रात्री

सातबारा मी आयुष्यात पहिल्यांदा मन लावून वाचला, तो जमीन घ्यायला नव्हे, त्या जमिनीवर झोपायला.

आमच्या लातूरच्या कॉलनीत सोळा जणींची भिशी आहे. भिशीत दर महिन्याला ठरतं, की यंदा दोन दिवस कुठंतरी जायचंच. आणि दर महिन्याला कुणाच्या तरी मुलाची परीक्षा निघते. या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या रानातल्या सणाला, बँकवाल्या वहिनी त्यांच्या शिपायाच्या रानात जेवायला गेल्या, भज्जी-आंबील खाऊन ज्वारीच्या कडेला तासभर आडव्या झाल्या आणि रात्री ग्रुपवर लिहिलं, "वीस वर्षांत अशी झोप लागली नव्हती." झालं. तंबू घ्यायचे, रानात दोन रात्री राहायचं, नवरे नकोत आणि "आज भाजी काय?" हा प्रश्न नको.

आधी सरळ वाटेनं जाऊन पाहिलं. गावाबाहेरच्या एका हुरडा केंद्राला फोन केला.

"मुक्कामाला फक्त फॅमिली घेतो मॅडम."

"सोळा बायका आहेत."

"होय की. पण फॅमिली कुठं हाय त्याच्यात?"

मग शिपायाचं रान. त्याचे थोरले चुलते, आबा, फोनवर म्हणाले, "कवाबी या की. रान आपलंच हाय." जमिनीबद्दल कुणी 'आपलंच' म्हणालं, की लगेच विचारावं, आपलं म्हणजे कुणाकुणाचं? मी नाही विचारलं. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला तेव्हा कळलं. एका कंसात नऊ नावं. म्हातारी आई, तीन भाऊ, वारलेल्या चौथ्या भावाची बायको आणि दोन मुलं, शेवटी दोन बहिणी. कुणाचा तुकडा कुठला ते कागदावर कुठंच नाही. जागेवर मात्र प्रत्येकाचा बांध ठरलेला, आणि तो बांध दरवर्षी नांगरटीला वीतभर कुणीकडं सरकतो, हेही सगळ्यांना तोंडपाठ.

आम्हाला दिली जाणारी जागा होती विहिरीच्या खालच्या अंगाला, खडकाळ, पिकाची नसलेली. सातबाऱ्यावर तिची नोंद 'पोटखराब'. मी ग्रुपवर कागद टाकला. डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न आला, "पाण्यामुळं होतं का तिथं?"

भाडं ठरलं दोन रात्रींचे सहा हजार, चार वाटे, दीड-दीड हजार. इथवर सोपं होतं. मग आबांच्या भावाला, तात्यांना, कूळ आठवलं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसता कसता कायद्यानं तिचा मालक होणारा माणूस.

हे आमच्याकडचं खास दुखणं आहे. पुण्या-साताऱ्याकडं कूळ कायदा 1948 चा, मुंबईचा. आमच्याकडं 1950 चा, हैदराबादचा. निजामाचं राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण मराठवाड्यातल्या माणसाला कुणी "जमीन भाड्यानं देता का?" विचारलं, की त्याच्या पोटात अजून तोच गोळा उठतो. तात्या म्हणाले, "आज दोन रात्री झोपतेत. उद्या म्हनतेल, आम्ही कसतो. वकिलाला इचारावं लागंल."

"तात्या, आम्ही झोपणार आहोत. झोपून कसं कसणार?"

"कुळाचं बी असंच सुरू झाल्तं," तात्या म्हणाले.

शेवटी करारनामा झाला. शंभराचा बाँड आता चालत नाही, पाचशेचा लागतो. सहा हजारांच्या व्यवहाराला पाचशेचा बाँड आणि लिहिणाऱ्याचे वेगळे. त्यातलं एक कलम मी फ्रेम करून ठेवणार आहे : 'सदर महिला सदर जमीन नांगरणार नाहीत, पेरणार नाहीत, कसणार नाहीत व सदर जमिनीवर केवळ निद्रा घेतील.' पुण्यात आयटीत असलेल्या पुतण्यानं व्हिडिओ कॉलवर हे ऐकलं आणि 'पर टेंट' वेगळा चार्ज लावावा असं सुचवलं. आबांनी त्याला कानडीमिश्रित काहीतरी सुनावलं आणि फोन खिशात घातला.

सह्या करताना मी, नुकताच सातबारा वाचायला शिकल्याच्या तोऱ्यात, विचारलं, "आणि या दोन बहिणींच्या?"

आबा हसले. "त्या बहिनी हायत. त्यांचं काय नसतंय."

घरच्या परवानग्यांचं मी लिहीत नाही. प्रत्येकीची वेगळी पोथी होईल. एवढंच सांगते, की माझ्या सासूबाईंचा आक्षेप चारित्र्याचा नव्हता, दर्जाचा होता. "येळवशीला दिवसा रानात जातेत. रात्री रानात झोपायला जागलीचा गडी असतो. तुला काय कमी पडलंय?" आणि सोळांपैकी नऊ नवऱ्यांनी आपापसात न विचारता एकच तोडगा काढला, की ते जवळच्याच धाब्यावर 'सहज' थांबतील. त्यांना भिशीच्या पैशातून कोल्ड्रिंक पाठवून घरी लावून दिलं.

शनिवारी पोचलो. तंबू ऑनलाइन मागवलेले. चित्रातल्या बाईनं तो एका हातानं उभा केला होता. आम्ही सहा जणींनी बारा हातांनी धरला तरी तो ओल्या धोतरासारखा मधेच बसायचा. खडकात खुंटी शिरेना. शिपायाची आई पहार घेऊन आली, तिनं चार ठोक्यात काम केलं आणि काही न बोलता निघून गेली. तिचं न बोलणं फार लागलं.

मग आडोशाचा प्रश्न. रानात 'परसाकडं' कुठं जायचं, यावर ग्रुपवर आधीच एकशेचाळीस मेसेज झाले होते. पार्लरवाल्या ताईंना ज्वारीच्या कडेला कडब्याची सुबक खोपटी दिसली. "अगं बाई, यांनी करूनच ठेवलंय!" असं म्हणत त्या पाण्याची बाटली घेऊन निघाल्या. पाठीमागून जी आरोळी आली तशी मी नंतर कधी ऐकली नाही. नव्वदीची म्हातारी, आबांची आई, काठी उगारून बांधावरनं धावत येत होती. ती येळवशीची कोप होती. आत पाच पांडव मांडलेले, वाहिलेली फुलं अजून वाळायची होती. ताई तिथंच दंडवत घालून मोकळ्या झाल्या. म्हातारीनं मग स्वतः चार काठ्या आणि दोन जुनी लुगडी देऊन आम्हाला दुसरीकडं आडोसा करून दिला, पण ताईंकडं दोन दिवस डोळ्याच्या कोपऱ्यातनं लक्ष ठेवलं.

पहिली रात्र थंडीनं आणि हसण्यानं गेली. आगटी पेटवली, हुरडा भाजला, शेंगदाण्याच्या चटणीसंगं खाल्ला. स्वयंपाक करायचा नाही असं ठरलं होतं, तरी रात्री अकराला तिघी जणी पिठलं हाटताना सापडल्या. सवय.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. शेजारच्या गावात दिलेल्या, शिपायाच्या धाकट्या आत्या. "लातूरच्या बायका रानात झोपाय आल्यात म्हनं, म्हनून बगाय आले." बसल्या, चहा झाला. आणि माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "आत्या, तुमचं नाव आहे की या सातबाऱ्यावर."

"माझं?"

मोबाइल पुढं धरला. त्यांना अक्षर जेमतेम लागतं, पण स्वतःचं नाव लागतं. मी बोटांनी मोठं करून दाखवलं. त्यांनी नावावर हात ठेवला, तसा पडदा सरकला आणि खालचा पिकाचा तक्ता आला.

"गेलं की माय माझं नाव."

मी परत आणलं. त्यांनी परत बोट ठेवलं. परत गेलं. चार वेळा असं झालं. पाचव्यांदा त्यांनी बोट पडद्यापासून वर धरलं, न टेकवता, आणि एकेक अक्षर वाचलं. मग विचारलं, "आनि थोरलीचं?" तिचंही होतं, खालच्याच ओळीत.

"आबा म्हनला होता, साडी नेसवतो, सही कराय ये. मलाच सवड झाली नाही," त्या म्हणाल्या. हक्कसोडीची साडी. तेव्हा घरी सोयाबीनची काढणी चालली होती म्हणून त्यांचा हिस्सा वाचला. संध्याकाळी शेवटची एसटी गेली तरी आत्या उठल्या नाहीत. माझ्या तंबूत माझ्या चादरीवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "मी बी झोपते. माझ्याच रानात हाय."

आता पाण्याचं. विहीर एक, वाटेकरी चार, प्रत्येकाची दोन-दोन दिवसांची पाळी. शनिवारी आबांची पाळी संपली, रविवारी तिसऱ्या भावाची, अण्णांची लागली. आणि त्या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची. हे सगळं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. करारनाम्यात मात्र नांगरणी, पेरणी, निद्रा सगळं होतं, पाणीपाळी नव्हती.

रात्री दीडला मोटारीची घरघर सुरू झाली. अर्ध्या तासात वरच्या गव्हाचा दांड फुटला आणि पाणी उताराला, म्हणजे पोटखराबाला लागलं. मला आधी वाटलं गरम पाण्याची पिशवी फुटली. मग कळलं, हे गार आहे आणि वाहतंय. सोळा जणी किंचाळत बाहेर, तंबू होडीसारखे हलताहेत, कुणाची चप्पल आगटीपर्यंत पोहत गेलेली. वरनं बॅटरीचा झोत आला.

"कोन हाय रे तिकडं?"

माझ्या तंबूतनं आवाज गेला, "मी हाय."

"मी कोन?"

"तुझी अक्का. माझ्या हिश्श्यात झोपले. पानी तोड आधी."

झोत हलेना. मग तो विहिरीकडं पळत गेला आणि घरघर थांबली. नुसता टिटवीचा आवाज उरला.

पहाटे अण्णा चहाची किटली घेऊन आले. अंगावरचं घोंगडंही त्यांनी अक्कालाच दिलं. आत्यांनी कप घेतला आणि विचारलं, "भाडं किती घेतलाव?"

"सहा हजार."

"वाटे किती केलाव?"

"चार."

"आई एक, तुमी चौघं, आमी दोघी," आत्यांनी बोटं मोडली. "सात."

बँकवाल्या वहिनींना राहवलं नाही. ओल्या साडीच्या घडीतनं मोबाइल काढून त्यांनी कॅल्क्युलेटर उघडला. आठशे सत्तावन्न रुपये चौदा पैसे.

अण्णा किटली धरून उभे होते. आत्यांनी चहाचा घोट घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "चौदा पैसे राहू दे. त्याच्या चहाचे."