माउलीचं कौतुक पुरे, तिच्या मदतीला माणूस द्या

माझा मावसभाऊ केळीची गाडी भरताना वरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. रावेर तालुक्यातलं दोन खोल्यांचं घर, मागे न्हाणी. न्हाणीचा उंबरा वीतभर उंच, व्हीलचेअर तिथंच अडते. मग मावशी पाठीला पट्टा बांधून, त्याच्या बगलेत हात घालून त्याला आत ओढते. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडाशी जखम होते. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, पाठ घामानं ओलीच राहते. मावशी रात्रभर गजर लावून उठते.

येणारा-जाणारा म्हणतो, "धन्य ती माउली!" मला याचा राग येतो. वय झालेल्या बाईनं जवान माणसाला उचलायचं आणि आपण हात जोडायचे? तिचं एकच विचारणं असतं, "मन्हामांगे याले कोन देखी?"

आणि त्याचं काय? आईनं अंघोळ घालायची म्हटलं की तो भिंतीकडे तोंड करतो. बोलत काहीच नाही. त्याला पुरुष मदतनीस हवाय, तोही सकाळी लवकर, कारण नऊ वाजता मोबाईल दुरुस्तीला गिऱ्हाईक येतं. "संस्थेत ठेवा ना त्याला" म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्या ओसरीवर बसून बघावं. त्याचं काम, मित्र, संध्याकाळच्या गप्पा, सगळं तिथंच आहे.

आपण ही दया मागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चं कलम 5 वाचा. समाजात राहण्याचा हक्क, कुठं आणि कोणासोबत राहायचं याची निवड आणि घरी येऊन मिळणारी मदत, वैयक्तिक मदतनिसासकट, त्यात लिहिलेली आहे. जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद कलम 24 मध्ये आहे. आमच्या घरापर्यंत यातलं काहीच पोचलेलं नाही. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे येतात, ते लघवीच्या पिशव्या, डायपर आणि मलमपट्टीत संपतात. त्यात मदतनीस कुठून ठेवणार?

ग्रामपंचायतीनं उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आमच्याकडे मार्च आला की घाईघाईनं साहित्य वाटतात. ज्या घरात एक व्हीलचेअर फिरत नाही तिथं दुसरी देऊन काय होणार? त्यापेक्षा न्हाणीचा उंबरा फोडून उतार करा, भिंतीला धरायला दांडा लावा. गावातल्याच चार बाया-पोरांना नीट उचलायचं कसं, लघवीची नळी स्वच्छ कशी ठेवायची, जखमेची सुरुवात कशी ओळखायची हे शिकवा आणि तासावर पगार द्या. आशाताई गावातूनच तयार झाल्या ना? मदतनीसही होतील. निधी कमी पडला तर वरचा भार सरकारनं उचलावा. कायदा सरकारनंच केलाय.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. रावेर, यावल, चोपडा भागात ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. अर्जाचा नमुना पाठवतो, तुमच्या ग्रामसभेतही द्या. पण अर्ज लिहायच्या आधी, नेमकी कोणती मदत आणि कोणत्या वेळी हवी, हे त्या माणसालाच विचारा.