कोपरा कापा, पण तोडू नका

दुधाची पिशवी फोडण्याच्या बाबतीत मराठी माणसाचे तीन पंथ आहेत. पहिला कात्रीवाल्यांचा. ही मंडळी पिशवीचा कोपरा नेमका त्रिकोणी छाटतात आणि कात्री पुन्हा जागेवर ठेवतात. अशी घरं असतात असं मी ऐकून आहे. दुसरा सुरी-विळीवाल्यांचा. तिसरा दातवाल्यांचा. यात बहुधा वसतिगृहात वाढलेले लोक आणि माझा मेहुणा मोडतो. पंथ कुठलाही असो, नखाएवढा एक तुकडा सुटतो, ओट्याला चिकटतो आणि फडक्यासरशी मोरीत जातो, नाहीतर भाजीच्या देठांबरोबर ओल्या कचऱ्यात. पुढे त्याचं काय होतं हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नसतं. पण सोसायटीने मला खत चाळायला बसवलं.

ओला कचरा आवारातच जिरवायचा, असा पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांना दंडक आहे. आमच्या मागच्या अंगणातही गांडूळखताचा खड्डा आहे. 'तुम्ही घरूनच काम करता ना' या एका वाक्यावर तो माझ्याकडे आला. घरून काम करणाऱ्याला काम नसतं, यावर आमच्या सोसायटीत एकमत आहे.

खत सुरेख झालं होतं. काळंभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास. आणि त्यात निळे, हिरवे, केशरी त्रिकोण. चाळणीवर मूठभर जमले. गांडुळांनी दोन महिन्यांत भोपळ्याची सालं, लग्नाचे हार आणि कोणाचा तरी फसलेला ढोकळा पचवला होता. त्रिकोणांना मात्र तोंडही लावलं नव्हतं. दुसऱ्यांदा चाळेपर्यंत कोणाकडे गाईचं दूध येतं आणि कोणाकडे म्हशीचं, हे मी खतावरून सांगू लागलो. मधुमेह आहे म्हणून टोण्ड दूध घेतो असं सांगणाऱ्या एका गृहस्थांच्या बादलीतला केशरी रंग मी अजून कोणाला सांगितलेला नाही.

आमच्याकडे सुका कचरा न्यायला 'स्वच्छ'च्या ताई येतात. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. ताईंना मी मूठ उघडून दाखवली. त्या म्हणाल्या, "काका, पिशवी हाताला लागते. हा लागत नाही." एवढ्यात सगळं आलं. दुधाची पिशवी पॉलिथीनची, धुऊन वाळवली की भंगारात तिला भाव मिळतो आणि ती वितळवून पुन्हा वापरात येते. पण त्यासाठी आधी कोणाच्या तरी बोटांनी ती कचऱ्यातून उचलावी लागते. त्रिकोण कोण उचलणार? तो गटारात जातो, नाहीतर माझ्या चाळणीत.

उपाय सोपा. कात्री शेवटपर्यंत न्यायची नाही. कोपरा लोंबता ठेवायचा.

सोपा म्हणजे सांगायला. लोंबता कोपरा धारेच्या मध्ये येतो आणि दुधाच्या दोन धारा होतात: एक पातेल्यात, एक गॅसच्या शेगडीवर. पहिल्या दिवशी बायको काही बोलली नाही, फक्त फडकं माझ्या हातात दिलं. आई मात्र बोलली. "अरे, एवढ्याशा प्लॅस्टिकसाठी पावशेर दूध सांडलंस!" आईला या विषयात बोलायचा अधिकार आहे. ती पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून खळखळवते, ते पाणी चहात ओतते आणि पिशवी मोरीवरच्या टाइल्सना चिकटवून वाळवते. आमच्या टाइल्सचा मूळ रंग कोणता हे बिल्डरलाच ठाऊक असेल. साठलेला गठ्ठा रद्दीवाला नेतो आणि ते पैसे कुठे जातात हे विचारायचं नसतं. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला अभय मिळालं ते रिकामी पिशवी ५० पैशांना परत घेण्याच्या अटीवर. पन्नास पैसे देणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे. आईचा रद्दीवाला त्याच्या कितीतरी आधीपासून रोख देतो.

अखेर युक्ती तिलाच सापडली: लोंबता कोपरा मागे दुमडून अंगठ्याखाली धरायचा. धार सरळ. श्रेय मात्र तिने रद्दीवाल्याला दिलं.

घर जिंकल्यावर मी सोसायटीकडे वळलो. लिफ्टमध्ये चिठ्ठी लावली, आकृतीसह. 'आमच्या दाराखाली पाणी येतंय त्याचं काय?' हे तिच्याखाली पेनाने आलेलं पहिलं उत्तर. व्हॉट्सॲपवर तोच मजकूर टाकला, तर अठ्ठावीस जणांनी हात जोडले आणि एकाने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. मग मी हिशोब मांडला: ऐंशी घरं, रोज दोन पिशव्या, म्हणजे वर्षाला ५८ हजारांवर त्रिकोण. तिसऱ्या मजल्यावरच्या सीएंनी तो तपासला आणि लीप वर्षाचे १६० राहिले म्हणून कळवलं. त्यांनी मात्र त्याच दिवसापासून कोपरा तोडणं बंद केलं. आकड्याला घाबरणारा माणूस तेवढा एकच निघाला.

बाकीच्यांना वळवलं ते पोरांनी. सुट्टीतल्या एका सकाळी मी त्यांना चाळणीवर बसवलं आणि त्रिकोण शोधायला लावले. पोरं घरी गेली ती थेट स्वयंपाकघरात पहाऱ्याला. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना नातीने सकाळी सहाला, चहाच्या आधी, रंगेहाथ पकडलं. चहाच्या आधी कोणाचीही चौकशी करू नये असं माझं मत आहे. पण आजोबा त्यानंतर अंगठा वापरतात.

गेल्या चाळणीत त्रिकोण जेमतेम पाच-सहा होते आणि त्यातले केशरी सगळे एकाच घरचे. मी ही बातमी सेक्रेटरींना द्यायला गेलो. जाताना चाळणीत निघालेली नवी वस्तूही दाखवायला नेली: बाहेरून मागवलेल्या जेवणाबरोबर येणाऱ्या सॉसच्या पुड्यांची फाडलेली टोकं. लाल. त्रिकोणापेक्षा निम्मी.

सेक्रेटरींनी ती उजेडात धरून नीट पाहिली. "गंभीर आहे," ते म्हणाले. "यासाठी समिती नेमू. तुम्ही घरीच असता ना?"