बेसमेंट सजवलं की घराचा भाव वाढतो? ठाणे-नवी मुंबईत तरी नाही

सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की बेसमेंटवालं घर रिसेलला जास्त भाव खातं, रो-हाऊसच्या बेसमेंटमध्ये टाइल्स-पीओपी करून रूम काढली की तेवढा एरिया वाढला, वॉटरप्रूफिंग केलं की पाण्याचं टेन्शन नाही आणि बेसमेंटमधलं पार्किंग तर मालकीचंच, वेगळं विका. लोक यावर खरंच पैसे घालतील म्हणून लिहितोय.

आधी एरिया. ही आयडिया अमेरिका-कॅनडाच्या थंड भागातली, तिथे जमीन गोठते म्हणून पाया खोल न्यावा लागतो, मग खणलंच आहे तर खाली खोली होते. आणि तिथल्या आन्सी मोजणीतसुद्धा (घराचा एरिया मोजायची अमेरिकेतली प्रमाण पद्धत) बेसमेंट वरच्या एरियात धरत नाहीत, वेगळं दाखवतात, मागून अंगणात दार उघडत असलं तरी. आपल्याकडे तर २०२० च्या यूडीसीपीआरप्रमाणे, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे, बेसमेंट पार्किंग, स्टोरेज, मशिनरी असल्या कामांसाठी, राहायच्या खोलीसाठी नाही. बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) बघतो, नकाशात स्टोअर असेल तर तुमची बेडरूम त्याच्या लेखी स्टोअरच, आणि बायरचं लोन त्याच्याच आकड्यावर ठरतं ना.

मालकीचं म्हणाल तर रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात कॉमन बेसमेंट कॉमन एरियातच धरलंय. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग, बिल्डरला वेगळं विकता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. छप्पर असलेलं पार्किंग बिल्डर देतात हे खरं, पण ते अ‍ॅग्रीमेंटमध्ये जागा आणि लांबी-रुंदी-उंचीसकट लिहिलेलं लागतं, महारेराने (राज्यातलं रेराचं प्राधिकरण) २०२४ मध्ये तसा आदेशच काढलाय. सोसायटीने नुसतं अलॉट केलेलं असेल तर ते तुम्ही विकूच शकत नाही.

आता पाणी, आणि खरा भाव इथेच पडतो. वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूरचा बराच भाग खाडीकाठची भराव टाकलेली सखल जमीन आहे, म्हणून तर सिडकोने होल्डिंग पाँड बांधले, भरतीला त्यांचं खाडीकडचं गेट बंद होतं, पावसाचं पाणी पाँडमध्ये साठतं आणि ओहोटीला बाहेर जातं. म्हणजे मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की शहरातलं पाणी तुंबतं, आणि बेसमेंट तर रस्त्याच्याही खाली. शिवाय जमिनीतलं पाणी स्लॅबला खालून वर ढकलतं, त्यापुढे आतून लावलेला वॉटरप्रूफिंगचा कोट आणि पीओपी काय टिकणार, दोन पावसाळ्यांत भिंतीला पोपडे येतात आणि बायर ते पहिल्या व्हिजिटला बघतो.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये कोरडं, कागदावर असलेलं पार्किंग फ्लॅट विकायला नक्की मदत करतं, तेवढं मान्य. पण तिथेही बघायला जायचं तर जुलैत जा, भरतीची वेळ बघून, आणि वॉचमनला विचारा की संप पंप (बेसमेंटमध्ये साठलेलं पाणी बाहेर फेकणारा) दिवसातून किती वेळा चालतो आणि लाइट गेली की जनरेटरवर चालतो का.