एका प्रतिक्रियेला उत्तर : ‘एवढं सोलापूर आवडतं, तर पुण्यात कशाला राहता?’

नमस्कार.

‘राज्यातलं माझं सर्वांत आवडतं शहर : सोलापूर’ या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. उत्तराला तीन दिवस लावले, कारण त्या रात्री जे लिहिलं असतं ते आज मलाच वाचावंसं वाटलं नसतं. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात कुणालाही विचारा, आवडतं शहर म्हणून पुण्याचंच नाव येईल. सोलापुरात चार-चार दिवस नळाला पाणी नसतं, पोरांना काम नसतं. गड्डा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, सोडली तर दाखवायला काही नाही. चादरी हातमागावर विणल्या जातात असं मी लिहिलं, ते चूक. आणि मग शेवटचं वाक्य, तुमच्याच शब्दांत : ‘एवढं सोलापूर आवडतं, तर पुण्यात कशाला राहता? लांबून गळे काढायला काय जातं?’

आधी चादरीचं. तिथे तुमचं बरोबर आहे. सोलापुरी चादर आज यंत्रमागावर विणली जाते, तिच्यावरची नक्षी मागावरच्या जेकार्ड यंत्रानं उठते. हातमाग आजोबांच्या पिढीत होते आणि मी ते आठवणीच्या भरात आजचे करून टाकले. लेखातली ओळ दुरुस्त केली आहे. चूक दाखवलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

पण ‘गळे काढणं’? हा शब्द तुम्ही कुठून उचललात? लेख पुन्हा वाचून पाहिला. त्यात मी कुठेही रडलेले नाही, सोलापूरवर अन्याय झाला असंही म्हटलेलं नाही. मला एक शहर आवडतं आणि ते का आवडतं, एवढंच लिहिलं आहे. ‘पुण्यात का राहता?’ हा प्रश्न म्हणून विचारला असतात, तर मी आनंदानं उत्तर दिलं असतं. तुम्ही विचारलेलं नाही, हिणवलं आहे. तरीही उत्तर देते, कारण हे वाक्य मला पुण्यात आल्यापासून अनेकांनी ऐकवलंय आणि दर वेळी मी हसून सोडून दिलंय.

माझे वडील गिरणीत होते. कुठल्या, ते सांगत नाही. मी नववीत असताना गिरणी बंद पडली. देणी अडकली, ती कधी पूर्ण मिळालीच नाहीत. आमचं घर कन्ना चौकापासून चालत दहा मिनिटांवर, म्हणजे ज्याला सोलापुरात पूर्व भाग म्हणतात तिथं. शेजार सगळा पद्मशाली विणकरांचा, घरात तेलुगू बोलणारा. गिरणी बंद झाल्यावर पहिल्या महिन्यात आईला शेजारच्या मावशींनी बोलावलं, मांडीवर सूप दिलं आणि बिडी वळायला शिकवलं. पान भिजवायचं कसं, कात्रीनं कापायचं कसं, तंबाखू किती घ्यायची, दोरा कुठं बांधायचा. आई मराठी, मावशींना धड मराठी येत नव्हतं. दोघी एकमेकींचे हात बघून समजून घ्यायच्या. पहिले काही दिवस आईच्या निम्म्या बिड्या छाटात, म्हणजे नापास मालात, जायच्या. मावशी स्वतःच्या बिड्या तिच्या मोजणीत घालून द्यायच्या आणि घरी कुणाला सांगायच्या नाहीत. हे आम्हाला फार नंतर कळलं. त्या बिड्यांवर माझं कॉलेज झालं.

आता सांगा, मी पुण्यात का आले असेन? शनिवारवाडा बघायला नाही. २००७ साली मला इथं नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून आईची बिडी बंद केली. तेव्हा सोलापुरात मला मिळत असलेल्या पगारात ती बंद झाली नसती. आवडतं म्हणून मी पुण्याला आलेले नाही आणि आवडत नाही म्हणून सोलापूर सोडलेलं नाही. आवडणं आणि पोटापाण्याला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांना माहीत आहे. ते तुम्हाला समजावून सांगावं लागतंय याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि ज्या शहराबद्दल आपण बोलतोय, ते शहरच अशा माणसांनी उभं केलंय. सोलापुरातली पहिली कापड गिरणी १८७७ची. तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या, माग आले आणि तेलंगणातून विणकरांची घरंच्या घरं इथं येऊन राहिली. आमच्या मावशींच्या सासूबाई शेवटपर्यंत करीमनगरकडच्या आपल्या गावातल्या तळ्याचं वर्णन करायच्या. सोलापुरात त्यांची साठ वर्षं गेली होती, नातवंडं इथली, मार्कंडेय मंदिर इथलं, नारळी पौर्णिमेचा रथ इथला. तरी गाव ते गावच. त्यांना कुणी विचारलं नाही की एवढं गाव आवडतं तर इथं कशाला राहता. विचारलं असतं तर आमच्या गल्लीनं त्या माणसाशी बोलणं टाकलं असतं.

द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८मध्ये ते डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२मध्ये तिथंच वारले. सोलापूर त्यांना परकं मानत नाही, भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं स्मारक झालंय. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, तसा अर्थ कृपा करून काढू नका. माणूस कुठल्या गावचा हे ठरवताना तुम्ही लावता तो निकष आमच्या गावात कधी लावला गेला नाही, एवढंच मला म्हणायचंय.

‘गड्डा सोडला तर काय आहे?’ हे तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे झालात. गड्डा ‘सोडला तर’? संक्रांतीच्या आदल्या दिवशी सिद्धेश्वर तळ्याकाठी संमती कट्ट्यापुढं पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं उभी असतात. सातही नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, समोर येतात, लग्नाची संमती वाचली जाते आणि एका क्षणात सगळीकडून अक्षता पडतात. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं. मी सहा वर्षांची असताना वडिलांच्या खांद्यावरून ते पहिल्यांदा पाहिलं. तो नंदीध्वज एका माणसानं पेलायचा असतो, त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव चालतो. आमच्या गल्लीतला एक जण गिरणी बंद पडल्याच्या वर्षीही सरावाला जायचा. घरात चूल पेटेल याची खात्री नसताना. हे ज्या गावात आहे त्या गावात ‘बाकी काय आहे’ असं मला विचारावंसं वाटत नाही. तुम्हाला वाटलं. असो.

तरी विचारलंतच, तर पार्क चौकाजवळ चार पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३०च्या मे महिन्यात शहर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ला या चौघांना फाशी दिली. येरवड्यात, म्हणजे तुमच्याच पुण्यात. मी घरी जाते ती गाडी या चौघांच्या नावानं हुतात्मा एक्सप्रेस आहे. संध्याकाळी पुण्याहून निघते. कुर्डुवाडी सुटलं की डब्यातलं बोलणं बदलतं. ‘काय करायलाव?’ असं कुणीतरी फोनवर विचारतं आणि मला घरी आल्यासारखं वाटतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी ऑफिसात माझ्या तोंडून हेच निघालं होतं. समोरच्या बाईंनी ते चारचौघांत पुन्हा म्हणून दाखवलं. तेव्हापासून पुण्यात मी ‘काय करताय?’ म्हणते.

पाण्याचं म्हणाल तर उजनी धरण भरलेलं असतानाही शहरात चार-पाच दिवसांआड पाणी येतं, हे मला कुणी पुण्यात बसून सांगायची गरज नाही. पिंपं भरण्यात आमचं बालपण गेलंय. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, नोकऱ्यांचाही. इथं त्यात शिरत नाही.

राहिलं पुणं. पुण्याबद्दल मी लेखात एकही वाकडा शब्द लिहिलेला नाही. या शहरानं मला पगार दिला, माझ्या मुलीची शाळा इथं आहे. ‘कुणालाही विचारा’ असं तुम्ही म्हणता, पण तुम्ही कुणाला विचारलंत? अशोक चौकात मागावर उभ्या असलेल्या माणसाला विचारलंत? बिड्यांचं सूप घेऊन बिडी कारखान्याच्या ब्रँचकडे निघालेल्या बाईला? मी राज्याची मतमोजणी केली नव्हती. लेखाच्या नावातच ‘माझं’ हा शब्द आहे. तो तुम्ही वाचला नाहीत की वाचून सोडलात, ते तुम्हीच जाणे.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. दोन वाचकांनी तसं सुचवलं होतं, त्यांना नाही म्हणून कळवलंय. पुन्हा लिहिलंत तर तेही छापीन, भाषा मात्र सांभाळा. माझी आई अजून सोलापुरातच असते. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून माझा भाऊ हे लेख आणि त्याखाली जे काही येतं ते सगळं तिला मोबाइलवरून वाचून दाखवतो. तुमचंही त्यानं वाचलं, शेवटचं वाक्य गाळून.