वळिवड्याच्या छावणीतली शाळा

कुठंही युद्ध पेटलं की आपल्या ग्रुपवर क्षेपणास्त्रांचे व्हिडिओ सुरू होतात. कोण कुणाला धडा शिकवणार यावर रात्र रात्र वाद. त्या देशातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांचं पुढं काय होतं, हे कुणी विचारत नाही. कोल्हापूरकरांनी तरी विचारायला पाहिजे, कारण आपण ती पोरं बघितलेली माणसं आहोत.

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कापड घ्यायला सगळेच जातो. त्याच परिसरात, वळिवड्याला, १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५,००० माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरांतून उचलून सैबेरिया, कझाकस्तानला नेलं होतं. उपासमारीत, आजारात कित्येकांचे आईबाप गेले. वाचलेली पोरं इराणमार्गे इथं पोचली.

छावणीत दवाखाना होता, चर्च होतं. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती शाळा. वर्षं बुडालेली मुलं परत वर्गात बसली, परीक्षा देऊ लागली, स्काउटमध्ये गेली, नाटकं बसवू लागली. पोटाला अन्न मिळालं की पोर जगतं हे खरं, पण सकाळी उठून कुठंतरी वेळेवर जायचंय, गृहपाठ राहिलाय, ही काळजी परत मिळाली तरच त्याचं वय त्याला परत मिळतं, असं माझं ठाम मत आहे.

१९४५ ला युद्ध संपलं. त्यांचं नाही. त्यांचा पूर्वेकडचा मुलूख सोव्हिएत संघात गेला होता, परतायचं कुठं? बरेच जण ब्रिटनला आणि इतर देशांत पांगले. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीत घरदार सुटलेली सिंधी कुटुंबं आली.

आणि २०२२? युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकणारी आपली पोरं तळघरांत अडकली. त्यातली कितीतरी पोलंडच्याच हद्दीतून सुटली. विमानतळावर स्वागत झालं, फोटो निघाले. नंतर मात्र इथल्या कॉलेजात जागा नाही, तिकडं परत जायची भीती, डोक्यावर आईबापांनी काढलेलं कर्ज. जीव वाचवला, शिक्षण वाऱ्यावर सोडलं. याचा मला आजही राग येतो.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, हात जोडून सांगतो, नववी-दहावीच्या पोरांना पन्हाळ्याला नेता तसं एकदा वळिवड्यालाही न्या. कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेलं स्मारक आहे, तेही दाखवा. सनावळी पाठ करून घेऊ नका. फक्त सांगा, इथं तुमच्याच वयाची मुलं राहत होती.